उशाशी ठेवलेला दिवा

केजच्या बसस्टँडमागच्या त्या इलेक्ट्रिशियनकडे मी पंखे, मिक्सर घेऊन नेहमी जातो. हात चालू असेपर्यंत त्याचं तोंडही चालूच असतं. कुणी बाजारातला स्वस्त सोलर दिवा दुरुस्तीला आणला, की तो आधी नाकाशी नेऊन हुंगतो आणि मग गिऱ्हाइकाला झापतो. "कामून घेतलं रं असलं? घर पेटल्यावर अक्कल येती व्हय?"

परवा एक म्हातारी तसलाच दिवा घेऊन आली. ती शेतातल्या कोपीत एकटी राहते. "पुण्याहून लेकानं आणलाय. उशाशीच ठिवते," ती कौतुकानं म्हणाली.

त्यानं दिवा उघडला. आतली बॅटरी पावासारखी फुगली होती. आता हा भडकणार, असं मला वाटलं. पण त्यानं तिला दिसू नये म्हणून पाठ वळवली, ती बॅटरी काढून वाळूच्या बादलीत टाकली आणि आपल्याकडची चांगली बसवली.

"मावशी, लेकाला पारख हाय."

"मंग त्यालाच सांगा की," म्हणत तिनं लेकाला फोन लावून इलेक्ट्रिशियनच्या हाती दिला.

मी दुकानाच्या दारात उभा होतो, तिथं तो फोन घेऊन आला. "बॅटरी फुगलती, मी बदललीय. मायला सांगू नको. पुढल्या बारीला मला इचारून घे," तो हळूच बोलला. फोनचा आवाज मोठा होता, पण पलीकडून एक शब्द आला नाही. मग फोन बंद झाला.

"काय म्हनला?" म्हातारीनं विचारलं.

"म्हनला, माय जेवली का ते इचारा."