इन्क्युबेटरची खंडेनवमी

"मॅडम, जीन घावला!" दसऱ्याची सुट्टी संपवून लॅबमध्ये पाऊल टाकते न टाकते तोच डायरेक्टर सर पेढ्यांचा बॉक्स घेऊन समोर आले. "आक्कांच्या पेशी आजच बाहेर काढा."

मी पेढा घेतला नाही. आधी मायक्रोस्कोप गाठला.

आमचं काम थोडक्यात सांगते. कॅन्सरच्या पेशी बेसुमार वाढतात. त्या वाढीला कोणता जीन, म्हणजे जनुक, हातभार लावतो, ते आम्ही शोधतो. पद्धत तशी रांगडी आहे. एकेक जीन बंद करायचा आणि वाढ थांबते का बघायचं. थांबली, तर तो जीन संशयित. पण पेशी दुसऱ्या कशानंही मरू शकतात. म्हणून एकही जीन बंद न केलेल्या तशाच पेशी शेजारी वाढवायच्या. त्याला कंट्रोल म्हणतात. दोघांना खाणं सारखं, ऊबही सारखी.

बरीच चाळण लावून आम्ही एका जीनवर आलो होतो. तो खरा ठरला, तर पुढची चाचणी कोडोलीच्या आक्कांच्या पेशींवर होणार होती. ऑपरेशनच्या आधी आक्कांनी आपल्या गाठीचा तुकडा आम्हाला द्यायला संमती दिली होती. "टाकूनच देणार न्हवं? मग घ्या की. माझ्या मागनं कुणाच्या तरी कामी येऊ दे," म्हणाल्या. आता आक्का नाहीत. त्यांच्या पेशींची एकच गोठवलेली कुपी उरली होती, जेमतेम एका चाचणीपुरती.

जीन बंद केलेल्या प्लेटमध्ये निम्म्याहून अधिक पेशी मरून तरंगत होत्या. कंट्रोल झकास. सर खूश होणारच. पण त्याच इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे पेशींना ऊब देणाऱ्या कपाटात, माझी राखीव पेशींची बाटली होती. त्या पेशींचा कुठलाच जीन आम्ही बंद केला नव्हता. त्याही मेल्या होत्या.

मी कपाटाकडे नीट बघितलं. हँडलला झेंडूची सुकलेली माळ, बटणावर हळदकुंकू.

"बाजीराव, हे बंद केलं होतं?" मी टेक्निशियनला विचारलं.

"व्हय मॅडम. खंडेनवमी न्हवं का? सर म्हणाले, हत्याराला त्या दिवशी विश्रांती द्यायची असती. पूजा करून बंद केलं, दसऱ्याचं शिलंगण झाल्यावर चालू केलं."

"आणि आतल्या प्लेटा?"

"जुना इन्क्युबेटर चालूच हुता, त्यात मावल्या तेवढ्या हलवल्या की. बाकीच्या आतच ऱ्हायल्या. सर म्हणाले, दार बंद हाय, ऊब टिकंल."

हलवल्या होत्या त्या नेमक्या कंट्रोलच्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सणाला मी जयसिंगपूरला होते, चंद्रावर नव्हते. एक फोन करता आला असता. तशीच सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, जीन-बीन काही घावलेला नाही. पेशी गारठून मेल्यात."

"एवढ्यानं काय हुतंय? अवो, उद्या पेपरवाले यायलेत."

"त्यांना पेढे द्या. कुपी मिळणार नाही."

"मगदूम मॅडम, हितं डायरेक्टर कोण हाय?"

"तुम्ही. म्हणून तर जास्त संताप येतोय. त्या बाईनं विश्वासानं दिलेली वस्तू आहे ती. तुमच्या फोटोसाठी दिलेली नाही. पुन्हा प्रयोग होईपर्यंत कुणी कुपीला हात लावला, तर मी राजीनामा देईन, आणि का दिला ते त्याच पेपरवाल्यांना सांगेन."

माझा आवाज पार गेटपर्यंत गेला असेल. गेला तर गेला. सरांनी पेपरवाल्यांना 'तब्येत बरी नाही' असं कळवलं.

प्रयोग पुन्हा केला. यावेळी दोन्ही प्लेटा एकाच कपाटात, एकाच फळीवर. जीन बंद केलेल्या पेशी कंट्रोलइतक्याच मजेत वाढल्या. त्या जीनचा काही संबंधच नव्हता. आक्कांची कुपी त्याच्यावर उधळली असती, तर खऱ्या जीनसाठी काहीच उरलं नसतं.

"म्हणजे एवढं करून हातात काय न्हायच?" सरांनी तोंड पाडून विचारलं. चूक झाली, एवढे दोन शब्द मात्र त्यांच्या तोंडून आजवर निघालेले नाहीत.

"कुपी आहे," मी म्हटलं.

यंत्राची पूजा जरूर करावी. पण आत जीव आहे का, ते आधी बघावं. म्हशीला उपाशी ठेवून कुणी गोठ्याला हार घालत नाही.