खाटेखालच्या बाटल्या आणि बाबांचं तारण

माझं लग्न चर्चमध्येच झालं, पण फादरांचे झगे टांगायच्या खोलीत. मी प्रॉटेस्टंट आणि नवरा कॅथलिक. असल्या जोडप्याला वेदीसमोर उभं करायची तेव्हा पद्धत नव्हती. एका बाजूला मेणबत्त्यांचं खोकं, दुसऱ्या बाजूला इस्त्री केलेले झगे, आणि मध्ये आम्ही दोघं. होणारी मुलं कॅथलिक होतील असं फादरांनी माझ्याकडून लिहून घेतलं. मी सही ठोकली. मला नवरा हवा होता. मुलांनी स्वर्गात कुठल्या दारानं शिरायचं ते मुलं झाल्यावर बघू, असा माझा विचार.

माझे बाबा नगरकडच्या एका खेड्यात पाळक, म्हणजे आमच्यातले पाद्री, होते. ते लग्नाला आले नाहीत. सहीची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली तेव्हा त्यांचं कार्ड आलं: ‘तू सही केलीस ते कळले. देव क्षमा करतो. मी प्रयत्न करीत आहे.’ मग दोन वर्षं काहीच नाही.

दोन वर्षांनी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले. आई कधीच गेली होती. भाऊबहीण कोणी नाही. मुंबईच्या इस्पितळात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, पाच-सहा आठवडे सांभाळा, धक्का लागू देऊ नका, वाकू देऊ नका. मे महिना होता, मी शिकवायचे त्या शाळेला सुट्टी होती. मी त्यांना टॅक्सीत घालून वाकोल्याला घेऊन आले. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं नुसता उजेड-अंधार कळायचा. नाही तर ते त्या घरात पाऊल टाकते ना.

घर सासऱ्यांचं, गावठाणातलं, पुढे पडवी आणि मागे केळी. सासरे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे कॅथलिक, रेल्वेच्या वर्कशॉपात सुतारकाम करून निवृत्त झालेले. सगळे त्यांना पपा म्हणत, मीही. सासूला ममा. दारूबंदी कडक होती, आणि पपा केळीच्या आड दारू गाळत. विकायला नाही हां, ते ठासून सांगत. पण गावठाणात कुणाचं लग्न, कुणाचा बाप्तिस्मा असला की बाटल्या आमच्याकडून जायच्या. आणि दर शनिवारी दुपारी पपा अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून चर्चमध्ये कन्फेशनला जायचे आणि फादरच्या जाळीशी गुडघे टेकून हेच पाप सांगायचे. फादर जी प्रार्थना दहा वेळा म्हणायला सांगत ती ते म्हणायचे. सोमवारी पुन्हा भट्टी.

बाबांना हे चौथ्या दिवशी कळलं. डोळे बंद होते, नाक उघडं होतं.

“व्याहीबुवा,” ते खाटेवरून म्हणाले, “पापक्षमा म्हणजे काय धोब्याकडची कापडं आहेत? शनिवारी टाकायची, रविवारी घालून मिरवायची?”

पपा पडवीत तासणी चालवत होते. “पाद्रीबाबा, आमी दर आठवड्याला धुतो तरी. तुमी म्हणता एकदा विश्वास ठेवला, झालं तारण. म्हणजे एकदाच धुतलं, मग जन्मभर तोच शर्ट!”

तिथून जे सुरू झालं ते रोज. बाबा म्हणत, मनुष्य कर्मानं तरत नाही, फक्त कृपेनं. मेणबत्त्या, माळा, संत, सगळा मधला दलालांचा बाजार. पपा म्हणत, साधं रेशनकार्ड काढायला मधला माणूस लागतो, स्वर्ग काय रेशनच्या ऑफिसपेक्षा सोपा? मग पर्गेटरी आली. स्वर्गाच्या आणि नरकाच्या मध्ये एक जागा, किरकोळ पापं भाजून काढायची, मग वर घ्यायचं. बाबांना ती अजिबात मान्य नव्हती. पपांची मात्र तिथली तयारी झाल्यासारखी होती. “आपण एकदम वर जाणार नाय,” ते समाधानानं सांगत, “पण खालीपण नाय. मधे बसू. ओळखीची माणसं असतील.”

खरं सांगते, मला मजा वाटत होती. दोन वर्षं माझ्याशी न बोललेले बाबा आता दिवसभर बोलत होते, माझ्याशी नाही, पपांशी. जेवणही वाढलं होतं.

अशाच एका शनिवारी दुपारी पपा चर्चमध्ये गेले आणि अर्ध्या तासात शेजारीण मागच्या दारानं धावत आली. पोलीस गावठाणात शिरलेत, घरं तपासतायत. पुढच्या आठवड्यात दोन लग्नं होती आणि स्वयंपाकघरात सात बाटल्या भरून ठेवलेल्या. ममा एरवी हळूहळू हलणारी बाई. तिनं बाटल्या जुन्या लुगड्यात गुंडाळल्या आणि सरळ बाबांच्या खाटेखाली सरकवल्या. बाटल्या किणकिणल्या.

“काय गं ते?” बाबांनी मला विचारलं.

“लोणचं,” ममा म्हणाली.

एका बाटलीचं बूच सैल होतं. असलं लोणचं अख्ख्या कोकणात कुणी घातलं नसेल.

हवालदार आणि दोन शिपाई आले. हवालदार मालवणकडचा, पन्नाशीचा, घाम पुसत होता. केळीच्या आड त्यांना चूल सापडली, पण भांडं नव्हतं. ते त्याच आठवड्यात कल्हईला गेलं होतं. चुलीवर आम्ही डुकराचं खाणं शिजवतो, असं ममानं सांगितलं. तेही खरंच होतं. मग ते आत आले. खाटेजवळ आल्यावर हवालदार थबकला. पट्टी बांधलेला म्हातारा, उशाशी जाडजूड बायबल.

“हे कोण?”

“माझे वडील. पाळक आहेत. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, हलवायचं नाही,” मी म्हटलं.

हवालदारानं टोपी काढली. “पाद्रीबाबा, तुम्ही देवाची माणसं. खोटं बोलणार नाही. या घरात दारू हाय काय?”

बाबा जन्मात खोटं बोलले नव्हते. एकदा गावात दरोडेखोरांनी विचारलं तर त्यांनी चर्चचं चांदीचं तबक कुठे आहे ते सांगितलं होतं.

बाबांनी उशाशी हात नेऊन बायबल चाचपलं. मग नीट, प्रवचनाच्या आवाजात म्हणाले, “मी या घरात आल्यापासून काहीही पाहिलेलं नाही.”

हवालदारानं पट्टीकडे पाहिलं. खाटेखाली वाकायला तो जरासा पुढे झाला, मग थांबला, बाबांच्या पायाला हात लावला आणि शिपायांना म्हणाला, “चला.”

पपा तासाभरानं परतले, पापमुक्त. आम्ही सांगितलं तर पडवीत बसकण मारून हसायला लागले. ज्या वेळी पोलीस खाटेशी उभे होते त्याच वेळी पपा फादरना त्याच सात बाटल्यांबद्दल सांगत होते. “पाद्रीबाबा, झकास! तुमी आमच्या फादरपेक्षा भारी.”

बाबा हसले नाहीत. रात्री जेवले नाहीत. रविवारी फक्त चहा.

“मी खोटं बोललो,” सोमवारी त्यांनी मला सांगितलं.

“बाबा, एक शब्द खोटा नव्हता.”

“म्हणूनच तर. साधं खोटं भीतीनं तोंडातून निघून जातं. हे मी निवडून घेतलं. शब्द तपासून, वजन करून.” मग म्हणाले, “मला चौकीवर ने. मी खरं सांगणार.”

पपा उडालेच. “अरे वा! तुमी खरं सांगणार आणि जेलमध्ये कोण जाणार? मी! तुमच्या पापाची शिक्षा मी भोगायची? ते काम एकदा क्रुसावर झालेलं हाय, पाद्रीबाबा, माझ्यापेक्षा मोठ्या माणसानं केलंय!”

“व्याहीबुवा, पश्चात्ताप झाला तर कृतीत दिसायला हवा.”

“कृती? तुमीच म्हणता ना कर्म लागत नाय? नुसती कृपा? मग घ्या ना कृपा! गप खाटेवर पडून घ्या! चौकीवर चालत जायचं कर्म कशाला?”

“नुसतं मनात म्हणून भागत नाही. काहीतरी भरपाई—”

“भरपाई! दहा वेळा प्रार्थना म्हणा, झाली भरपाई!”

“ते तुमचं!”

“मग तुमचं काय?”

दोन दिवस हे चाललं. मी भाकऱ्या भाजत ऐकत होते आणि मला एकदम कळलं की दोघांनी बाजू बदलल्यात. माझे बाबा, जन्मभर कृपेवर बोललेले, प्रायश्चित्त मागत होते. आणि माळा ओढणारे पपा, घरातले सर्वांत पक्के कॅथलिक, केवळ कृपेनं माणूस कसा तरतो ते पोटतिडकीनं समजावत होते. माझ्या नवऱ्याला रात्रपाळी होती, तो उशीखाली डोकं घालून म्हणायचा, “दोघांना एकदमच पर्गेटरीत टाका ना.”

मला हसू येत होतं, पण बाबांच्या ताटात भाकरी तशीच राहत होती. ते बारीक होत चालले होते. माझ्याशी दोन वर्षं अबोला धरताना त्यांना एवढा त्रास झाला असेल का, असा कडू विचारही माझ्या मनात आला. मी तो बोलून दाखवला नाही.

बुधवारी सकाळी ममानं प्रश्न सोडवला. ती धर्मावर कधीच बोलायची नाही. तिच्या मते ते पुरुषांचं पत्ते खेळण्यासारखं होतं. तिनं खाटेखालून लुगडं ओढलं आणि एकेक बाटली नेऊन डुकराच्या दगडी कुंडात ओतली. पपा मागे मागे, “अगं, अगं!” करत. डुक्कर मात्र लगेच आलं. ते पुढचा दीड दिवस झोपून होतं आणि मधून मधून फार प्रेमळ आवाज काढत होतं.

ममा हात पुसत बाबांपुढे उभी राहिली. “आता जा चौकीवर. सगळं सांगा. ते येतील, बघतील, काय मिळणार नाय. तुमचं तारण झालं, याची जेल वाचली. आणि आल्यावर जेवा.”

बाबांना यात काहीतरी खोट दिसत होती, पण ती त्यांना पकडता येईना.

मी त्यांचा हात धरून चौकीवर नेलं. डॉक्टरांनी पाहिलं असतं तर माझंच डोकं फोडलं असतं. हवालदार एकटाच टेबलाशी होता. बाबा उभ्यानंच म्हणाले, “शनिवारी मी तुम्हाला फसवलं. त्या घरात दारू होती. मला वास आला होता.”

हवालदारानं दाराकडे पाहिलं, उठून दार लोटून घेतलं आणि खुर्ची पुढे केली.

“पाद्रीबाबा, वास माका पण इलो.”

बाबा चाचपत खुर्चीत टेकले.

“खाटेखालून येत होता. पण तुमची पट्टी बघितली आणि वाटलं, म्हाताऱ्याला उठवून खाट कुठे हलवू. माझा बाप असाच आंधळा होऊन गेला. गावाला. मी जाऊ शकलो नाही, ड्युटी होती.” त्यानं टेबलावरची डायरी पुढे ओढली. “डायरीत लिहिलं, काही आढळले नाही. साहेबाची सही झाली. आता तुम्ही खरं लिहून दिलंत तर माझी वाट लागली.”

मी बाबांकडे पाहिलं. बिचारे आपलं पाप ठेवायला आले होते आणि समोरच्यानं स्वतःचं काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

“आमच्यात असलं सांगायचं कुणाकडे?” हवालदार म्हणाला. “देवळात नारळ फोडला. पण नारळाला काय कळतं?”

बाबांनी हात पुढे केला. त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून तो आधी टेबलावरच्या दौतीला लागला, मग हवालदाराच्या खांद्यावर. ते काहीतरी पुटपुटले, मला ऐकू आलं नाही. मग मोठ्यानं म्हणाले, “देवानं ऐकलंय. बापाबद्दलचंही. घरी जा, नीट जेव.”

हवालदारानं डोळे पुसले आणि आम्हाला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला.

रस्त्यात मला राहवलं नाही. “बाबा, त्याचं ऐकून घेतलंत, हात ठेवलात, देवानं ऐकलं म्हणालात. जाळीमागे बसून फादर याहून वेगळं काय करतात?”

“तू रस्त्याकडे बघ,” बाबा म्हणाले. “मला खड्डे दिसत नाहीत.”

घरी येऊन ते साडेतीन भाकऱ्या जेवले.

पपांनी तो पावसाळा भट्टी लावली नाही. पुढच्या वर्षी जांभळं पिकली तशी पुन्हा लावली. पण सात बाटल्यांच्या त्या दोन लग्नांत नुसतं सरबत वाटायची पाळी आली, ती नामुष्की ते मरेपर्यंत विसरले नाहीत, आणि त्याबद्दल त्यांनी ममाला क्षमाही केली नाही. एवढं मोठं क्षमेचं शास्त्र जवळ असून.

जूनमध्ये बाबांना जाड भिंगाचा चष्मा मिळाला. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा पपा पडवीतच होते. दोघं महिनाभर भांडले होते, पण बाबांनी पपांना नीट पाहिलंच नव्हतं. बाबांनी चष्मा सावरला आणि बराच वेळ निरखलं.

“व्याहीबुवा, तुम्ही तर म्हातारे आहात!”

“मग तुमाला काय वाटलं?”

“आवाजावरून वाटलं, तिशीतला कोणी वाया गेलेला पोरगा असेल.”

पपा इतके खूश झाले की हे ऐकायला त्यांनी ममाला बाहेर हाक मारली. मग बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी चार महिन्यांची गरोदर होते आणि ते मी त्यांना सांगितलं नव्हतं; सहीचा विषय निघेल म्हणून. चष्म्यातून त्यांना ते आपोआपच दिसलं. ते पोटाकडे बघत राहिले. मी तयारीत उभी होते.

“जेवतेस ना नीट?” एवढंच ते म्हणाले.

मुलीच्या बाप्तिस्म्याला ते आले. आत गेले नाहीत, चर्चच्या पायरीवर उन्हाला छत्री धरून बसून राहिले. पपा बाहेर येऊन त्यांच्याशेजारी बसले आणि आतला सोहळा संपेपर्यंत दोघं नवजात पोरीच्या मूळ पापावर, म्हणजे आदमापासून जन्मासोबतच चालत आलेल्या पापावर, भांडत होते. पोर आत बोंबलत होती. तिला दोघांचंही पटलेलं नसावं.