साडूंची वाळू

आमच्या थोरल्या साडूंएवढा भांडखोर माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर आधी त्या दोघांचीच जुंपेल. भांडणाचा विषय मात्र एकच: वाळू. आष्टीजवळच्या त्यांच्या गावाला पाणी मिळायचं ते नदीच्या पात्रातल्या विहिरीचं. नदी बहुतेक वर्षभर वरून कोरडीच, पण पाणी खाली वाळूत मुरून बसलेलं. साडूंना विचारलं तर, आणि न विचारलं तरी, ते सांगायचे, "वाळू म्हंजे आमचा रांजण हाये. पाणीबी तिच्यात अन् झाकणबी तीच." एवढं सांगून थांबतील तर ते साडू कसले! वाळूचा टिप्पर दिसला की मोटारसायकल आडवी घालायची, ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, मग त्यालाच टपरीवर नेऊन चहा पाजायचा आणि चहा पिता पिता पुन्हा भांडायचं. कुणाची सोयरीक जमवायला गेले तर मुलाचं शिक्षण राहिलं बाजूला, "घराला वाळू कुठली वापरली?" हा पहिला प्रश्न. चांगली जमत आलेली स्थळं त्यापायी फिसकटली.

आमच्या परतूरच्या घराच्या वास्तुशांतीला तर त्यांनी कहर केला. दारात उरलेल्या ढिगातली चिमूटभर वाळू तळहातावर चोळली, हुंगली, आणि भर मांडवात जाहीर केलं, "ही आमच्या नदीची हाये. ह्या घरात मी बिलकुल पाय ठेवणार न्हाई." आणि बसले की अंगणात फतकल मारून! पुरणपोळी तिथेच मागवली, वर तूप कमी पडलं म्हणून ओरडले. माझी बायको, म्हणजे त्यांची सख्खी मेहुणी, रडायला लागली. माझं डोकंच फिरलं. अहो, वाळू काय मी डोक्यावर वाहून आणली होती? ठेकेदाराने आणली, सगळ्यांच्या घराला आणतो तशी! पुढे दर दिवाळीला यायचे तेही अंगणातच बसायचे, कॅनमधून आणलेलं आपल्या विहिरीचं पाणी प्यायचे आणि आमच्या जारच्या पाण्याला नावं ठेवायचे.

मागल्या उन्हाळ्यात त्यांच्या गावाने नदी खोल करायला काढली. खोल खड्डा म्हणजे जास्त पाणी, असा हिशेब. जेसीबी आला, नारळ फुटला, वाळू टिप्परवाल्यांनी नेली आणि खडक लागेपर्यंत पात्र खरवडलं. साडू एकटेच बोंबलत होते, "आरं, पाणी उघडं पाडून राह्यलात तुम्ही! ऊन पिऊन टाकील समदं!" पावसाळ्यात खड्डा काठोकाठ भरला. गावाने त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढले आणि साडूंची टिंगल केली. आणि यंदा होळीच्या आधीच खड्डा कोरडा ठाक! विहिरीच्या तळाला बेडूकसुद्धा उरला नाही. आता टँकर येतो, आणि फोटो काढणारेच त्याच्यामागे हंडे घेऊन पळतात. मला विचाराल तर एकेकाला धरून त्याच खड्ड्यात भर उन्हात उभं करायला पाहिजे! त्याशिवाय अक्कल यायची नाही या लोकांना.

परवा साडू आले, हातात रिकामा कॅन. मी नेहमीप्रमाणे अंगणात खुर्ची टाकली, तर चपला काढून सरळ घरात शिरले. बायकोने भीतभीत जारचं पाणी दिलं. गटागटा प्यायले. मग बैठकीतल्या भिंतीला तळहात लावून बसून राहिले.

"दाजी, काय झालं?" बायकोने विचारलं.

"काई न्हाई गं. आमची वाळू हाये ना ह्यात. गार लागती अजून."

मला असा संताप आला म्हणून सांगू! त्यांचा नाही हो, त्या गावाचा. पण ओरडलो त्यांच्यावरच. "साडूभाऊ, भांडा की! असे काय बसलात?"

ते हसून उठले. मी कॅन भरून त्यांच्या मोटारसायकलला बांधून दिला. ते निघाले तेवढ्यात समोरून वाळूने भरलेला टिप्पर आला. मी फाटकात उभा राहून वाट बघत होतो. साडूंनी गाडी कडेला घेतली आणि त्याला जाऊ दिलं.