भंवरीबाईच्या हातावरचे डाग

पहूरच्या पेठेत लखीचंद शेटजींचं किराणा दुकान होतं. मागच्या घरात त्यांची बायको भंवरीबाई जीव मुठीत धरून वावरायची. स्वतःचा नाही, किड्यामुंगीचा. जैनांचा चातुर्मास लागला की विचारूच नका. दिवा लागला की ओसरीत पावसाळी किड्यांचा सडा पडे. बाकीच्या बाया केरसुणी फिरवून मोकळ्या होत. ही बाई जमिनीवर बसून एकेक किडा चिमटीत धरायची आणि परसात मातीवर सोडून यायची. ओल्या मातीतून निघणारे, हात लागताच घाण वास सोडणारे बारके काळे किडे, तेसुद्धा.

सत्तावन्न सालच्या पावसाळ्यात तिच्या तळहातावर तपकिरी डाग उमटले. मग बोटांवर, मग तळपायांवर. ते दुखत नव्हते, खाजत नव्हते, आणि त्याचीच तिला जास्त धास्ती वाटली. न दुखणारा डाग कशाचा असतो ते तिनं ऐकलं होतं. साबण झाला, राख झाली, लिंबू झालं. डाग ढिम्म. शेजारची सुनंदाबाई कापसाच्या निंदणीला जाता जाता थांबली. "हाताले काय झालं वं माय? चुलीवर जयलं का?" भंवरीबाईनं हात ओढणीत घेतले ते घेतलेच. महारोग हा शब्द ती मनातल्या मनातही पुरता उच्चारत नव्हती.

कारण लाडकुंवरचं, तिच्या एकुलत्या एका मुलीचं, एरंडोलला जमत आलं होतं. आईला तसलं काही आहे म्हटल्यावर पोरीला कोण करणार? नवऱ्याला सांगावं तर तो डॉक्टर बोलावणार, आणि डॉक्टर दारात आला की पेठभर बभ्रा. तिनं आपल्यापुरता अर्थ लावला: पायाखाली नकळत किती जीव गेले असतील, त्याचंच हे फळ. म्हणून तिनं उपास वाढवले आणि किडे उचलणंही वाढवलं. डागही वाढले. आता या बाईला काय म्हणावं!

अशात मुलाची आई सुगनबाई मुलगी बघायला मुक्कामी आली. मारवाडी घरांत होणाऱ्या विहिणीला आपल्या हातानं घास भरवायची रीत असते, मनवार म्हणतात तिला. भंवरीबाईनं पळीनं वाढलं आणि हात पुन्हा ओढणीत नेले.

"एरंडोलच्या तोंडाला पहूरचा हात लावायचा नसतो वाटतं," सुगनबाई म्हणाली. दोघी मारवाडीत बोलत होत्या, मी आपल्या भाषेत सांगतो. तरी भंवरीबाईचा हात बाहेर आला नाही.

दिवे लागले, किडे आले. सुगनबाईही जैनाचीच लेक, फुगलेल्या तोंडानं का होईना, तीही उचलू लागली.

सकाळी पाहुणी लवकर निघणार म्हणाली. भंवरीबाई घाबरून परसात गेली, तर सुगनबाई मोरीपाशी राखेनं बोटं घासत होती. चाहूल लागताच तिनं हात ओढणीत लपवला. ती लपवण्याची तऱ्हा भंवरीबाईला चांगली ठाऊक होती. तिनं आपले दोन्ही तळवे पुढे केले.

सुगनबाईनं आपलीही बोटं पुढे केली. "एका रात्रीत लागतो का हो हा रोग?"

"कशाला शिवला होतात तुम्ही?"

"कशाला म्हणजे? तुमचे किडेच उचलले."

तिचे डाग नेमके अंगठ्यावर आणि शेजारच्या बोटावर होते, चिमटीत. भंवरीबाईनं मोरीकाठच्या मातीतला एक काळा किडा उचलून कोऱ्या मनगटावर घेतला. ओढणीची कड लागताच त्यानं तोच घाण वास सोडला. तिनं त्याला जपून खाली ठेवलं. दोघी मनगटाकडे बघत बसल्या. दूध तापून खाली उतरेपर्यंत तिथं तपकिरी डाग उमटला होता.

भंवरीबाईला हुंदकाच फुटला. सुगनबाई आधी हसली, मग तिनं विचारलं,

"आणि खरंच ते असतं, तर मला सांगितलं असतं?"

"नाही," भंवरीबाई म्हणाली. "लग्न लागेपर्यंत तरी नाही."

सुगनबाईनं बोटांची राख झटकली. "काल झोपताना मी ही सोयरीक मोडायचं ठरवलं होतं. सकाळी हात बघितला आणि म्हटलं, आता कोणाला कळायच्या आत लग्न उरकून घ्यावं."