आडवं बांधलेलं जाळं

कल्पना करा, तुम्ही चौथीच्या वर्गासमोर उभे आहात. फळ्यावर तुम्ही एक भाकरी काढलीय, तिचे चार भाग केलेत, तीन भाग रेघोट्यांनी भरलेत. आता विचारा, "भरलेला भाग किती?" पुढच्या बाकावरचे हात वर येतील. मधल्या रांगेतली मुलं शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतील. आणि मागे दोघंतिघं अशी दिसतील, की तुम्ही त्यांच्याशी बोलताय हेच त्यांना ठाऊक नाही. तुम्ही तेच परत सांगाल, जरा मोठ्याने. मग अजून मोठ्याने. त्यानंतर काय कराल?

विमल साटम यांनी आवाज वाढवणं सोडून दिलं होतं. त्या मोहन्याला राहायच्या आणि कल्याणच्या खाडीजवळच्या एका प्राथमिक शाळेत शिकवायच्या. मुलं त्यांना साटमबाई म्हणत. साल १९८७. वर्गात निम्मी मुलं कोळीवाड्यातली, निम्मी कामासाठी गाव सोडून आलेल्या घरांतली. बाईंच्या लक्षात आलेलं, की नामा पाढे चालता चालताच म्हणतो, बसवला की अडखळतो. सहदेवच्या डोक्यात ऐकलेलं टिकत नाही, पण एकदा चित्र काढलं की तो विसरत नाही. मग त्यांनी वर्ग वाटला. एका कोपऱ्यात चित्रं, दुसऱ्यात चिंचोके, आणि नामासाठी दारापासून फळ्यापर्यंतची मोकळी जागा. फक्त शेवटच्या बाकावरच्या रघुचं काही कळत नव्हतं. त्याच्यावर गाणी झाली, चित्रं झाली, चिंचोके झाले. रघु सगळ्याला मान डोलवायचा आणि पाटी कोरी ठेवायचा.

"बाई, हा वर्ग आहे की बाजार?" हेडमास्तर गुळवे सर दारातून विचारायचे.

"शिकतायत, सर."

"ते तपासणीत दिसू द्या. साहेब ज्याला कच्चा म्हणतील, तो चौथीतच राहील. मी कुणाला ढकलून वर पाठवणार नाही."

तपासणी म्हटलं की बाईंच्या डोळ्यांपुढे एकच पोर यायची, तुळसा. मासळी विकणाऱ्या जनाबाईची मुलगी, फळ्यावरच्या अपूर्णांकांत अडलेली. जनाबाई एकदा टोपली घेऊनच शाळेत आली होती आणि दारातून बोलली होती, "या वरसाला वर चढली नाय तं पुरे झाली शाला. बसल माझे बाजूला." ती भांडायला आली नव्हती. तिने नुसतं सांगितलं, आणि म्हणूनच बाईंना भीती वाटली.

कोळ्यांची पोर, बाईंनी विचार केला, हिला हाताने शिकवायला हवं. त्यांनी नामाच्या बापाकडून जुन्या जाळ्याचा तुकडा मागून आणला. चौकोन नीट मोजता यावेत म्हणून तो ताणून, बाकाच्या पायापासून खिडकीच्या गजापर्यंत गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधला. चिंचोक्यांचा डबा पलीकडे ठेवला. चार चौकोन धरायचे, तिनात चिंचोके अडकवायचे. पोरं टुणकन उडी मारून पलीकडे गेली आणि भिडली.

तुळसा अलीकडेच उभी राहिली.

"ये ना गं. तुझ्यासाठीच आणलंय."

ती भिंतीला टेकली. हात पाठीमागे.

दुसऱ्या दिवशीही तेच, आणि तिसऱ्याही. बाई समजावून थकल्या, मग रागावल्या. "हट्टी आहेस. आई बाजारात बसवेल तेव्हा कळेल." तुळसाचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. तिला दरदरून घाम आला होता. बाईंना ते दिसलं, पण त्यांनी त्याचा अर्थ लावला तो एकच, अभ्यासाची भीती.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी बाई मासळीबाजारात गेल्या. जनाबाईला गळ घालायची होती, की निकाल काही लागो, एक वर्ष अजून द्या. जनाबाई दोन गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत होती. शेजारी तुळसा पाठमोरी बसून रस्त्यावरचं कुत्रं बघत होती.

"अख्खी टोपली नको गं. आम्ही दोघी मिळून अर्धी घेतो, त्यातली निम्मी माझी," एक गिऱ्हाईक म्हणालं.

"म्हंजे तुला पाव," तुळसा कुत्र्यावरची नजर न काढता बोलली.

बाई जागच्या जागी थांबल्या. "तुळसा, तू वळून बघितलंसुद्धा नाहीस!"

"ती कवा बगतं?" जनाबाई हसली. "कानान जमतं तिचा. दिवसभराची गिऱ्हायकां रातचे म्हनून दाखवतं, आवाजासकट."

"मग वर्गात का गप्प असते? मी तिच्यासाठी जाळं आणलं, चांगलं ताणून बांधलं, तर ओलांडून पलीकडेसुद्धा येत नाही."

जनाबाईचा कोयता थांबला.

"जालं आरवा बांधलाव? आनि पोरीला सांगतव, वलांडून ये?"

"हो, पण..."

"बाई, आमचे घरान पोरी जालं वलांडीत नाय. वलांडला तं बापावर बेततं, आनि बाप पान्यान असतो तिचा."

बाईंनी तुळसाकडे पाहिलं. ती आता कुत्र्याकडे बघत नव्हती. ती आईचा पदर धरून होती. रोज सकाळी आपण हिला काय करायला सांगत होतो, ते बाईंना तेव्हा समजलं.

"जा आता, काडून टाका," जनाबाई म्हणाली. तेवढंच.

सकाळी शाळा भरायच्या आत बाईंनी जाळं सोडलं. नामाला गिऱ्हाईक केलं, तुळसाला मासळीवाली. "भांडा," त्या म्हणाल्या. "लिहू नका. भांडा." नामा येरझाऱ्या घालत घासाघीस करू लागला. तुळसाने आधी भिंत सोडली, मग आवाज. "अर्ध्याच्या अर्ध्याचे पैसं देऊन पाऊन मागतोस? तोंड बघ!" वर्ग हसला. आणि तेवढ्यात दारात गुळवे सर आणि त्यांच्यामागे तपासणीचे साहेब.

साहेबांनी फळ्यावर गोल काढला, चार भाग केले, तीन भरले. बोट तुळसाकडे. "भरलेला भाग किती?"

तुळसा गोलाकडे बघत राहिली. गोल गप्प होता.

"साहेब, तिला तोंडी विचारलंत तर..." बाई बोलल्या.

"सगळ्यांना एकच प्रश्न, बाई." गुळवे सरांनी बाईंकडे नुसतं पाहिलं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

बाई फळ्यापासून बाजूला झाल्या. आता एक शब्दही त्यांना सांगता येणार नव्हता.

"साहेब," तुळसाने हळूच विचारलं, "हा वाटा कितीजनींचा?"

साहेबांच्या कपाळावर आठी पडली. "प्रश्न मी विचारायचे, तू नाही." मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी फळ्याकडे पाहिलं. "चौघींचा समज."

"आनि तिघींनी नेला?"

"नेला."

"मंग पाव ऱ्हायला. नेला तो पाऊन." आवाज एकदम बाजारातला, खणखणीत.

"लिहून दाखव."

तिने खडू घेतला आणि चार वर, तीन खाली लिहिले. साहेबांनी उलटा आकडा पाहिला, मुलीकडे पाहिलं. "लेखी कच्ची," ते अखेर गुळवे सरांना म्हणाले, "पण समज आहे. चढवा वर."

गुळवे सरांनी मान हलवली, ती बाईंकडे न बघता.

तुळसा दहावीपर्यंत शिकली. आता ती डोंबिवलीत एका दवाखान्यात कामाला आहे, भेटली की बाईंच्या पाया पडते. बाई निवृत्त झाल्या, तेव्हाच्या निरोपसमारंभात सगळ्यांनी तुळसाचीच गोष्ट सांगितली. बाईंना ती ऐकवेना.

मी त्यांचाच एक जुना विद्यार्थी; मोहन्याच्या घरी मी त्यांना कारण विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तुळसाची आई बाजारात भेटली म्हणून मला कळलं. रघुही त्याच तपासणीत कच्चा ठरला. दिवाळीनंतर यायचाच बंद झाला. मी विठ्ठलवाडीपर्यंत शोधत गेले, तर त्याच्या घरच्यांनी खोली सोडलेली. शेजाऱ्यांनाही पत्ता ठाऊक नव्हता."

त्या उठल्या, उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"तुळसाच्या वाटेत मी जाळं बांधलं होतं. रघुच्या वाटेत काय बांधलं होतं रे मी?"