आई बोलली त्या दुपारची नोंद

हे लिहावं की नाही, या विचारातच बरेच महिने गेले. अंगात येणं, बाहेरचं लागणं असलं आमच्या घरात कोणीच कधी मानलं नाही — बाबांची शिकवणच तशी होती. दुसऱ्यांचे असे अनुभव वाचून मी मनातल्या मनात हसायचे. आता हसत नाही.

मी गोंडपिपरीत एकटी राहते, टायपिंगचे क्लास घ्यायचे. आईला पॅरालिसिस झाला तेव्हा क्लास बंद केला आणि तिला आरमोरीहून माझ्याकडे घेऊन आले. उजवी बाजू गेली होती, आणि वाचा. समजायचं तिला सगळं, पण तोंडातून फक्त "आं... आं..." यायचं. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत धानाच्या बांधीत उभी राहून सगळ्या बायांना दिवसभर हसवणारी बाई होती ती.

माझा धाकटा भाऊ नागपूरला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. आईचं औषधपाणी लिहून ठेवता यावं म्हणून त्यानं माझ्या जुन्या लॅपटॉपवर एक सोय करून दिली. काळी स्क्रीन उघडायची, "नोंद" असा शब्द टाईप करायचा, पुढे एक ओळ लिहून एंटर मारायचा. तारीख-वेळ आपोआप लागून ती ओळ एका साध्या फाईलमध्ये जाऊन बसते. नेट लागत नाही, काही नाही. त्या काळ्या स्क्रीनवर वेलांट्या-मात्रा जरा विस्कटून दिसतात, फाईल उघडली की बरोबर असतात. हळूहळू मला त्याची सवयच लागली. "आईनं आज पेज घेतली." "आई खिडकीकडे बघून रडली." बोलायला घरात दुसरं होतं तरी कोण...

त्या दिवशी सकाळी तिला पेज भरवली, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी ती दुपारपर्यंत झोपायची, म्हणून मी दार लोटून बाहेरच्या खोलीत कामं करत होते. दुपारी नोंद लिहायला बसले आणि आतून आवाज आला.

"जेवली काय तू?"

आईचा आवाज. पहिल्यासारखा, स्वच्छ. मी खुर्चीवरून उठायला गेले, तर म्हणाली, "उठू नोको. तिथीच बस. मले बोलू दे."

मी बसले. उठले तर ती थांबेल अशी भीती वाटली... आणि माझे हात आपोआप चालू लागले. कानावर पडलं की टाईप करायचं, एवढी वर्षं तेच केलं होतं. तिचं एक वाक्य, माझी एक ओळ, एंटर.

खास असं ती काही बोलली नाही. पाय मोकळे वाटून राह्यले, म्हणाली. तू दुबळी झाली, वेळेवर जेवत जा, क्लास परत सुरू कर, म्हणाली. आणि शेवटी —

"तू माह्यं लय केलं, बाई. आता नोको करू."

स्क्रीन मला धड दिसत नव्हती. "आई, येऊ काय मी आत?" मी विचारलं. उत्तर आलं नाही.

तेवढ्यात शेजारच्या कमलबाई दारात आल्या, हसतच. अंगणात मिरच्या वाळत घालताना त्यांना खिडकीतून बोलणं ऐकू आलं होतं. "तुह्यी आई बोलाले लागली न वं," म्हणाल्या. आम्ही दोघी सोबतच आत गेलो.

आई गेली होती. अंग थंड, बोटं ताठ. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की झोपेतच गेल्या, चार-पाच तास तरी झाले असतील. मी म्हटलं, ती आत्ता बोलत होती. त्यांनी माझी नाडी बघायला हात पुढे केला.

भाऊ संध्याकाळी पोचला. दुसऱ्या दिवशी अंत्यविधी आटोपल्यावर त्याला फाईल दाखवली. त्यानं सगळ्या ओळी दोनदा वाचल्या, लागलेल्या वेळा बघितल्या. मग हळूच म्हणाला, "ताई, ही साधी फाईल आहे. यात कोणीही काहीही लिहू शकते. वेळसुद्धा." कमलबाईंचं सांगितलं, तर म्हणाला, तुमच्या दोघींच्या मनात तेच असंल. मी वाद घातला नाही. आपल्या हातानं आईला पोचवून आला होता तो.

बुद्धवंदना झाली, पाहुणे गेले. निघायच्या दिवशी तो बॅग खांद्याला लावून दारात उभा राहिला, पण निघेना. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई... तुह्याकडून लिहायचं राहून गेलं असं काही बोलली काय ती? माह्याबद्दल?"

काहीच राहून गेलं नव्हतं. माझ्या हातून एक शब्द सुटला नव्हता.

"हो," मी म्हटलं. "बाबू कधी येते, असं विचारून राह्यली होती."

तो बॅगेसकट खाली बसला आणि रडला. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

त्या दुपारी आतून कोण बोललं, ते मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारलं, स्वतःलाही खूप विचारलं. आणि ती आईच असेल, तर एकदाही तिनं त्याचं नाव का घेतलं नाही... तेही मला माहीत नाही.