पोपटी गाडी आणि दाजींची फळी

अख्ख्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण दाजी अजून नगरच म्हणतात, म्हणून आमच्या फाट्यावर सगळेच नगर म्हणतात) ज्याचं खरोखर ऐकलं जातं असा माणूस एकच आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. हे मी कौतुकानं लिहीत नाहीये, तक्रार म्हणून लिहितेय. मी गेली सहा वर्षं पत्रकं काढते, निवेदनं देते, तहसील कचेरीच्या पायरीवर बसते, घसा बसेपर्यंत बोलते. माझं ऐकायला अकरा माणसं येतात, त्यातली चार घरची. दाजी पारनेरकडे वळणाऱ्या फाट्यावर डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज चालवतात, दिवसाला वीसेक वाक्यं बोलतात, त्यातली निम्मी "हां" असतात, आणि त्यांच्या तोंडून एक "न्हाई" निघालं की पुण्या-मुंबईत ठरलेले सौदे मोडतात. गेल्या जयंतीला विहारासमोर माझं भाषण रंगात आलं होतं. तेवढ्यात कुणीतरी जुनी जीप घेऊन आला आणि दाजी मागच्या रांगेतून उठून तिच्याभोवती फिरायला लागले. पाच मिनिटांत माझ्यासमोर माझे वडील अण्णा, ताई आणि ध्वनिक्षेपकवाला एवढेच उरले. ध्वनिक्षेपकवालाही मान वळवून जीपच बघत होता. विषमतेवर बोलत असताना विषमता अशी डोळ्यांसमोर घडते.

जुनी गाडी पारखणं हे दाजींचं शास्त्र. गावचे जावई म्हणून सगळं गाव त्यांना दाजीच म्हणतं, आणि कुणाला जुनी चारचाकी घ्यायची झाली की तो आधी बायकोला विचारतो की नाही ठाऊक नाही, पण दाजींना विचारतो. स्वतः दाजींकडे एक स्कूटर आहे, ती उतारावरच लावावी लागते. त्यांची पहिली अट अशी, की आपण पोचायच्या आधी गाडी सुरू केलेली नको. पोचल्याबरोबर ते इंजिनवर हात ठेवतात, आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. गरम लागलं तर परत फिरतात. "सकाळी पयल्यांदा उठताना गाडी कायतरी बोलती," ते म्हणतात, "ते आपल्याला ऐकू द्यायचं नसलं की आदीच तापवून ठिवत्यात." मग ते पायपुसणं उचलून खालच्या गालिच्याला नाक लावतात. पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी गालिच्याखाली चिखलाचा वास राहतो, आणि तो सेंटखालीही त्यांना सापडतो. टायरवर बारीक आकड्यांत कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनलं ते लिहिलेलं असतं, ते वाचायला ते चिखलातही गुडघे टेकतात. कमी पळालेल्या गाडीचं त्यांना मुळीच कौतुक नाही. उभी राहून गाडीचं रबर वाळतं, म्हणतात, माणसासारखंच. चासीचा नंबर कागदाशी अक्षर अक्षर जुळवतात, दोन्ही चाव्या मागतात, बँकेचा बोजा उतरल्याचा दाखला मागतात, आणि सगळ्यात शेवटी वॉचमनबरोबर चहा पितात. विकणारा गाडी पुसतो, वॉचमन गाडी बघतो, असा त्यांचा सिद्धांत आहे.

ही सवय फक्त गाड्यांपुरती असती तर मी सहन केली असती. ताईला बघायला आले तेव्हा दाजींनी पोह्यांची बशी खाली ठेवली, उठले, आमच्या लोखंडी कपाटावर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि अण्णांना म्हणाले, "ह्याला दुसरा हात मारलाय. खाली गंज हुता." ते कपाट अण्णांनी जुन्या बाजारातून आणून कोरं म्हणून आईला सांगितलेलं. आई म्हणते, लग्न तिथंच ठरलं. अण्णा त्या दिवशी जे हरले ते हरलेच. आता ते कुकरचं रबरदेखील दाजींना दाखवल्याशिवाय घेत नाहीत. माझं एक पत्रक त्यांनी आजवर शेवटपर्यंत वाचलेलं नाही. चष्मा गुंडाळायला मात्र घेतात.

पत्रकांचं तर पुढंच आहे. माझी पत्रकं उरतात. ती का उरतात याचं उत्तर समाजानं द्यावं. पण उरलेले गठ्ठे ताई परस्पर गॅरेजवर देते, कारण रंगाचा फवारा मारताना काचा नि दिवे झाकायला कागद लागतो. एकदा मी गॅरेजवर गेले तर एका डंपरच्या पुढच्या सबंध काचेवर माझंच लिखाण, काही उलटं, काही सुलटं, चिकटपट्टीनं डकवलेलं. मी म्हणाले, "दाजी, हे विचार आहेत. रद्दी नाही." त्यांनी फवारा बंद केला, तोंडावरचा रुमाल खाली ओढला. "कागद लई चांगला हाय, पुढारी. रंग आत झिरपत न्हाई." ते मला पुढारीच म्हणतात. सहा वर्षांत माझ्या लेखनावर आलेला हा एकमेव अभिप्राय.

आणि आता माझ्या एकमेव विजयाबद्दल. आमच्या गावची शाळा रस्त्याला लागून आहे, आणि त्याच रस्त्यानं खडी क्रशरचे डंपर धावतात. एक दिवस दुसरीतल्या एका पोरीचं दप्तर डंपरच्या चाकाखाली गेलं. पोरगी हातभर अंतरानं वाचली. मी पत्रक काढलं. त्यात शिव्या कमी आणि मोजमाप जास्त होतं, कारण तेव्हा मी एका पहिलीतल्या पोरीचं बोट धरून रस्ता ओलांडला होता आणि पावलं मोजली होती. मग रस्त्यावर बसलो, पोलीस आले, उठवलं, पुन्हा बसलो. शेवटी शाळेसमोर गतिरोधक झाला. कंत्राटदारानं रागारागात तो असा उंच केला की कुठल्याच नियमात बसू नये, पण डंपर त्याच्यापुढं बैलासारखे मान खाली घालून थांबायला लागले. माझ्या आयुष्यात मी एवढीच एक गोष्ट उभी केली आहे, आणि ती आडवी आहे.

तर त्यावर पोट घासून घेतलेल्या बसक्या गाड्या दाजींच्या गॅरेजवर येऊ लागल्या. दाजींनी काय करावं? टेम्पोच्या बॉडीतून उरलेली एक प्लायची फळी घेतली, गतिरोधकाच्या कडेला उभी धरली, पेन्सिलीनं त्याची पाठ आखली आणि करवतीनं तंतोतंत त्या उंचीची, त्या उताराची फळी कापली. तेव्हापासून गाडी बघायला जाताना ती त्यांच्या काखेत असते. पुण्यात, मुंबईत, कुठंही. गाडीच्या नाकाखालून ती सरकवायची, पोटाखालून न्यायची, मागून काढायची. फळी अडली की गाडी आमच्या गावची नाही. हळूहळू लोक त्या फळीला दाजींचा ब्रेकर म्हणायला लागले, आणि मग रस्त्यावरच्या खऱ्या ब्रेकरलाही. लाठी मी खाल्ली, नाव त्यांचं पडलं. याचा मी जाहीर निषेध केला होता. ताईनं विचारलं, जेवणार आहेस की निषेधच करणार आहेस.

क्रशरवाल्या शेठना मोबाईलवर ती गाडी दिसली ती गेल्याच्या गेल्या वर्षी. परदेशी बनावट, एका हातावरून उतरलेली, दोन सीटची, रंग पोपटी. शेठचा बंगला शाळेच्या पलीकडे, म्हणजे गाडी घरी न्यायची तर गतिरोधकावरूनच. त्यांचे सगळे डंपर रंगाला दाजींकडे यायचे, गॅरेज निम्मं त्यांच्यावरच चालायचं, तेव्हा गाडी बघायला दाजींनाच नेणार. मला त्या दिवशी पुण्यात बैठक होती. ताई म्हणाली, जा त्यांच्यातच, एसटीचं भाडं वाचेल. ज्याच्या विरोधात रस्त्यावर बसले त्याच्याच थंडगार गाडीत बसून मी पुण्याला गेले. निषेध म्हणून सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होते. बैठक दुपारी होती, म्हणून आधी शोरूममध्येही गेले. खोटं कशाला बोलू, मलाही ती गाडी बघायची होती.

गाडी जमिनीवर नव्हतीच मुळी, जमिनीला चिकटली होती. दाजींनी सवयीनं पुढचं झाकण उघडलं तर आत एक रिकामी पेटी. इंजिन मागं. दाजी विचारात पडले. "मंग नारळ कुठं फोडायचा?" टायवाला विक्रेता हसला नाही. दाजींनी खिशातलं लोहचुंबक दाराला लावलं, ते टपकन खाली पडलं. पत्र्यावर दुसऱ्यांदा पुटीन भरलं असेल तर चुंबक धरत नाही, असं ते बघतात. इथं ते कुठंच धरेना. विक्रेता म्हणाला, "सर, कार्बन फायबर आहे. पत्रा नाहीच." दाजी चुंबकाकडे बघत म्हणाले, "म्हंजी ठोकली की डेंटरनं नुसतं बघायचं." तरी ते हटले नाहीत. पेरानं टकटक करून कान लावला. कॉम्प्युटर जोडून क्लच किती झिजलाय त्याचा कागद काढायला लावला. ब्रेकच्या चकत्या बॅटरीनं बघितल्या, कारण त्या बदलायची वेळ आली तर शेठना एक डंपर विकावा लागला असता. गाडी बंद पडली तर दुरुस्तीला कुठं न्यायची विचारलं. मुंबईला, ट्रकच्या पाठीवर घालून, असं उत्तर आलं. गालिचा हुंगला. आणि मग खिशातून एक कागद काढला, चौपदरी घडी केली आणि दाराच्या फटीत सरकवला. फट वरपासून खालपर्यंत सारखी असेल तर गाडी कधी आपटलेली नाही. तो कागद म्हणजे माझं पत्रक होतं. गतिरोधकाचं. मी तिथंच ओळखलं आणि माझे कान तापले.

वॉचमनचा चहाही झाला. मग फळी. ती नाकाशीच अडली. विक्रेता म्हणाला, "बटण आहे सर, पुढचा भाग उचलतो." त्यानं बटण दाबलं, गाडीनं म्हशीसारखं नाक वर केलं. फळी सरकली, सरकली आणि पुन्हा अडली. दोन बोटांनी.

शेठ खो खो हसले. "एवढंच व्हय? मंग ब्रेकरच काढू की, दाजी. जेसीबी आपला, सरपंच आपला. दोन तासाचं काम. तुमी गाडीचं सांगा."

माझ्या तोंडात सगळं पत्रक एकदम गोळा झालं. मी पुढं झाले, पण दाजींनी हात वर केला, मागं येणारा ट्रक थांबवतात तसा. फळी उभी धरून ते शेठना म्हणाले, "शाळंच्या फाटकापासून पलीकडच्या चिंचंपातूर मोठ्या मानसाची चौदा पावलं व्हत्यात. पयलीतल्या पोरीची एकतीस."

"कुनी मोजली?"

"हिनं."

शेठनी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. दाजींनी पत्रकातलं ते वाक्य वाचून दाखवलं नव्हतं. पत्रक अजून दाराच्या फटीतच होतं.

"ते ऱ्हाऊ द्या," शेठ म्हणाले. "गाडीत खोट हाय का, तेवढं सांगा."

मी मनात दाजींच्या हातापाया पडत होते. एक खोटं बोला. इंजिन गेलंय म्हणा, पुरात बुडालीय म्हणा. कुणाला कळणार आहे? सौदाही मोडेल, शेठही दुखावणार नाहीत, ब्रेकरही वाचेल. दाजींनी पत्रक काढून घेतलं, घडी नीट केली, खिशात ठेवली. "खोट न्हाई. एक नंबर गाडी हाय." शेठचा चेहरा खुलला. "पर तुमी घ्यायची न्हाई. फळीला बसत न्हाई. आन् फळी मी कापायचो न्हाई."

माझी बैठक बुडाली ती बुडालीच. शेठ तिथूनच तडक परत निघाले, आम्हीही त्यांच्याच गाडीत. शिरूरला चहाला थांबलो तेव्हा शेठ एकटेच आत गेले. दाजी टपरीवरून दोन चहा घेऊन आले, एक माझ्या हातात दिला. मी विचारलं, "एक थाप मारली असती तर काय झालं असतं? डंपरचं काम तरी राहिलं असतं."

"आज गाडीचं खोटं सांगितलं आसतं, तर उद्या फळीवर कोन इश्वास ठिवंल?"

"आणि माझं पत्रक तुम्ही वाचलंत कधी?"

"काचंला लावायचं म्हंजी बघावंच लागतं. समदीच वाचल्यात." त्यांनी चहा फुंकला. "पानीटंचाईचं जरा लांबलंय."

आता सांगा, चिडू नको तर काय करू? तेच वाक्य मी भोंग्यातून चाळीसदा ओरडले, तेव्हा शेठनी डंपरचा हॉर्न वाजवत ठेवला होता. दाजींनी एकदा म्हटलं, तेही हळू, आणि जेसीबी आला नाही. पोपटी गाडीही आली नाही, कारण दाजींनी नको म्हटलेली गाडी फाट्यावरून फिरवायची छाती शेठनाही झाली नाही. डंपर मात्र दुसऱ्या दिवसापासून शिरूरच्या गॅरेजला जाऊ लागले. ते वर्ष ताईनं कसं काढलं हे ती सांगत नाही. दाजी विहाराच्या दाराला फुकट रंग मारत बसले आणि म्हणाले, बरं झालं, सवड मिळाली. माझं वाक्य, माझा ब्रेकर, आणि किंमत तीही त्यांनीच दिली. माझ्या वाट्याला काहीच ठेवलं नाही या माणसानं.

परवा दुपारी शाळा सुटायच्या वेळेला मी तिथून जात होते, तर दाजी रस्त्याच्या कडेला उकिडवे बसलेले. ब्रेकरला लागून फळी उभी धरलेली. फळीची पाठ ब्रेकरच्या वर आलेली दिसत होती. इतक्या वर्षांच्या चाकांनी तो झिजला होता. दाजींनी मधल्या जागेत बोटं घालून बघितली. दोन.

"आता ती पोपटी बसंल," ते म्हणाले.

घंटा झाली. पोरी फाटकातून बाहेर पडू लागल्या. दाजी उठले, फळी आडवी धरून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, आणि त्या पलीकडे चिंचेखाली पोचेपर्यंत हलले नाहीत. मला वाटतं ते पावलं मोजत होते. मग गुडघे झटकत माझ्याजवळ आले.

"पत्रक काढ, पुढारी. माझ्याकडचा कागद बी संपलाय."